सुताराची काळी कंबर

घोडपदेवच्या आमच्या आत्याने ही हकीकत आता इतक्या जणांना सांगितली आहे की तिने सांगितलेलीच खरी मानली जाते. तिच्या म्हणण्याप्रमाणे मी एका पाखराच्या ढुंगणावरून चांगलं स्थळ नाकारलं. साखरपुड्यात, बारशात, एकदा तर कोणाच्या तरी तेराव्यालाही तिने हे सांगितलं आणि मग माझ्याकडे हात करून म्हणाली, "हीच ती." मी पानातला वरण-भात खात राहिले. चारचौघांत मला बोलता येत नाही आणि आत्याला ते पक्कं ठाऊक आहे.

तसं पाहिलं तर ती खोटं बोलत नाही. मी फक्त त्या जागेला कंबर म्हणते. पाठ संपते आणि शेपूट सुरू होतं, त्यांच्या मधला भाग.

आमच्या भागात, म्हणजे भायखळा, परळ, करी रोड या पट्ट्यात, जो सुतार पक्षी दिसतो तो सोनपाठी सुतार. पाठ हळदीसारखी पिवळी, डोक्यावर लाल तुरा आणि कंबर काळी. त्याचा एक थोराड भाऊबंद आहे, मोठा सोनपाठी. तो सह्याद्रीच्या दाट झाडीत राहतो, शहरात यायचं त्याला कारण नाही. पाठ तीच, तुराही तोच, पण कंबर लालभडक. गळाही वेगळा. मोठ्याचा पांढरा असतो आणि चोचीपासून मानेकडे जाणारी काळी रेघ मध्येच फुटून दोन होते. आपल्या साध्या सोनपाठीचा गळा काळा, त्यावर खडूचं फडकं झटकावं तसे बारीक पांढरे ठिपके. मोठ्याचा डोळा फिकट, याचा गडद.

घोळ होतो तो माद्यांमुळे. मोठ्याच्या मादीला लाल तुरा नसतोच. तिचं अख्खं डोकं काळं आणि त्यावर पांढरे ठिपके. साध्या सोनपाठीच्या मादीचं फक्त कपाळ तसं असतं, मागे तुरा लालच. त्यामुळे कपाळ पाहून थांबणारा माणूस फसतो. कपाळ पाहून थांबणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ.

हे सगळं मी शाळेत असल्यापासून शिकत आले. मला इंग्रजी शाळेत घातलं होतं, तिथे माझ्याशी कोणी फारसं बोलत नसे आणि मला ते सोयीचं होतं. मधल्या सुट्टीत मागच्या झाडांकडे बघत उभं राहिलं की मुली समजत, हिला काहीतरी काम आहे. पक्ष्यांची नावं मला आधी इंग्रजीत कळली. मराठी नावं नंतर पुस्तकातून पाठ केली आणि बाबांवर त्यांची उजळणी केली. बाबांना सगळे सुतार सारखेच.

पुढे मी रविवारच्या पक्षीवाल्यांच्या एका ग्रुपमध्ये शिरले. ग्रुप म्हणजे मोबाइलवरचा, आणि कधीकधी प्रत्यक्षातला. पहिल्याच दिवशी कळलं की या लोकांना पक्षी बघायचे नसतात. पक्षी त्यांना "मिळतो". "आज काय मिळालं?" असं ते एकमेकांना विचारतात आणि त्यात भाऊच्या धक्क्यावर मासळीची पाटी घेऊन बसल्याचा सूर असतो. एकदा मिळालेल्या पक्ष्याकडे ते पुन्हा मान वर करून बघत नाहीत. तो कॉमन झाला. मी त्यांच्यापासून थोडं लांब उभी राहायचे, त्यांची बडबड थांबायची वाट बघत.

तर ते स्थळ.

आत्याचा फोन आला तेव्हा आई मासे साफ करत होती, म्हणून फोन स्पीकरवर होता आणि सगळ्या घराने ऐकला.

"मुलगो परळाक ऱ्हवता, टावरात," आत्या सांगत होती. "मूळचे आपल्याच बाजूचे, कणकवलीकडचे. आणि आयक गो, त्याका पण पाखरांचा खूळ आसा."

"त्यालाही?" आईचा हात थांबला.

"तर काय सांगतंय. ह्यो मोठो कॅमेरो. रविवारी घरात नसताच."

"बरं झालं," बाबा पेपरामागून म्हणाले. "दोन्ही खुळं एकाच घरात राहतील. उगाच दोन घरांना त्रास नको."

मी नाही म्हटलं नाही. त्याचं कारण इथे लिहून टाकते, कारण ते मी घरी कधी सांगितलं नाही. रविवारी सकाळी बाहेर पडताना दर वेळी आई दारात उभी असते. कुठे चाललीस, कोणाबरोबर, आणि त्यातून मिळतं काय. पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर आहे, तिसऱ्याला नाही. लग्न झालं की हेच प्रश्न विचारायला एका आईऐवजी अख्खं घर असणार, आणि सासरी गप्प राहून भागत नाही. तिथे गप्प राहण्याला उत्तर समजतात आणि ते वाईट समजतात. मला असं घर हवं होतं जिथे मी रविवारी चप्पल घालावी आणि कोणी काही विचारू नये. माझी लग्नाकडून मागणी एवढीच होती. ती मला फार मोठी वाटत नव्हती.

मुलाच्या आईने सुचवलं की घरी कांदेपोहे वगैरे नकोत, मुलं आजकालची आहेत, दोघांना पक्ष्यांची आवड आहे, तर राणीच्या बागेतच भेटू. सगळ्यांना ही कल्पना फारच आधुनिक वाटली. पोहे नकोत म्हणता म्हणता दोन्ही घरून पोह्यांचे डबे आले. आत्या जरीची साडी आणि पायात बूट अशी आली. आईने मला पंजाबी ड्रेस घालायला लावला होता, गुलाबी. पक्षी बघायला गुलाबी घालून जात नाहीत, हे मी तिला सांगितलं नाही.

मुलगा डोक्यापासून पायापर्यंत झाडपाल्याच्या रंगाच्या कपड्यांत होता. टोपी, शर्ट, विजार, लेन्सवरचं कव्हर, सगळं हिरवं-तपकिरी, पानापानांचं. सभोवती पेंग्विन बघायला आलेली कुटुंबं आइसक्रीम खात होती आणि हा मध्ये झुडूप होऊन उभा. बाबांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "हा कोणापासून लपतोय?"

आम्ही दोघं पुढे चाललो. दोन्ही घरं मागून, ऐकू येईल पण दिसणार नाही अशा बेताने. निदान त्यांची समजूत तशी होती. मागून आत्याचा आवाज स्पष्ट येत होता. "बोलतत काय? नाय? आता? ... ता काय, पुटपुटली वाटता कायतरी."

त्याने मला काय काय मिळालं आहे ते सांगितलं. वाघ कुठे मिळाला, घुबड कुठे मिळालं, कोणता पक्षी कोणाच्या आधी मिळाला. मी "हं" म्हणत होते. मला वाईट वाटलं नाही. त्याने मला स्वयंपाक येतो का हे विचारलं नव्हतं, आणि तो बोलत होता म्हणजे मला बोलावं लागत नव्हतं.

मग एका जुन्या पर्जन्यवृक्षावरून सुताराची ती घोडा खिंकाळल्यासारखी ओरड ऐकू आली आणि पिवळी पाठ खोडामागून सरकत बाहेर आली. मादी होती. कपाळ ठिपक्यांचं, मागे तुरा लाल. ती खोडावर थांबली, सालीत चोच घातली, आणि तिची पाठ पूर्ण आमच्याकडे होती. उन्हात. कंबर काळी.

त्याने लेन्स उचलली आणि यंत्रातून खिळे उडावेत तसे फोटो काढले. मग कुजबुजला, "ग्रेटर."

म्हणजे मोठा सोनपाठी.

"ग्रेटर फ्लेमबॅक. फीमेल. कपाळ बघ ना, ब्लॅक, व्हाइट स्पॉट्स. क्लासिक."

"मागे तुरा लाल आहे," मी म्हटलं.

"लाइट आहे तो."

"कंबर काळी आहे."

"अगं शॅडो आहे ती. आणि साइज बघ."

त्या लेन्समधून चिमणीसुद्धा कोंबडीएवढी दिसली असती. तेवढ्यात मादीने मान वळवली आणि गळा दिसला. काळा, ठिपक्यांचा. मी तो दाखवायला हात उचलला आणि ती उडून गेली. अनोळखी माणसाला सलग दोन वाक्यांत विरोध करून झाला होता. तिसरं वाक्य माझ्यात नव्हतं.

त्याला राग आला नाही. तो हसला आणि म्हणाला, "तुला बऱ्यापैकी माहितीये."

बऱ्यापैकी.

हेही मी सोडून दिलं. ओळखण्यात चुकणं मला माफ करता येतं. पक्षी थांबत नाही, पान आड येतं, आणि माणसाला मोठ्याचीच हौस असते. शिवाय परतताना तो सहज म्हणाला, "रविवारी तू पण जातेस ना? मग बरंय. एकत्र निघता येईल. घरी काही सांगायला नको." हे शेवटचं वाक्य तो काय बोलून गेला ते त्याला कळलंही नसेल. मी मात्र ते घरापर्यंत मनात जपून नेलं. फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर सगळ्यांनी दोन्ही डब्यांतले पोहे खाल्ले, कोणाचे जास्त मऊ झाले यावर दोन्ही आयांनी एकमेकींना मोठेपणा दिला, आणि संध्याकाळी त्यांचा होकार आला.

"त्यांना तू आवडलीस," आई म्हणाली. "शांत आहे म्हणाले."

म्हणजे तेही कपाळ पाहून थांबले होते. पण मी आईला म्हटलं, बघू. आमच्या घरात माझ्या "बघू"चा अर्थ हो होतो, आणि त्या दिवशी खरोखरच तो अर्धा-अधिक हो होता. शनिवारी त्यांनी आम्हाला घरी बोलावलं. तिथे मी तोंडाने हो म्हणायचं आणि पुढची बोलणी सुरू व्हायची, असं ठरलं. आईने त्या आठवड्यात मला एकदाही काही विचारलं नाही. ती गुणगुणत होती. किती दिवसांनी, ते मला आठवेना.

त्यांचं घर उंचावर होतं. बाबा थेट खिडकीशी गेले आणि आमची करी रोडची इमारत शोधू लागले. "ती बघ, टाकीच्या मागे. आपलं वाळत घातलेलं धोतर दिसतंय," असं त्यांनी आईला सांगितलं. बाबा धोतर नेसत नाहीत. आईने त्यांना डोळ्यांनी बसायला सांगितलं.

भिंतीवर फ्रेमा होत्या. वाघ, घुबड, गरुड, आणि प्रत्येकाच्या खाली कोपऱ्यात त्याचं नाव, काही ठिकाणी पक्ष्याच्या चोचीपेक्षा मोठं. सगळे पक्षी कॅमेऱ्याकडे बघत होते. एकही काही करत नव्हता, खात नव्हता, पिसं साफ करत नव्हता. लग्नाच्या स्टेजवर बसवल्यासारखे.

"तो बागेतला सुतार दाखव ना रे," मुलाची आई म्हणाली. "दोघांनी मिळून शोधलाय हो. लग्नाआधीच जोडीने."

त्याने टीव्ही लावला. टीव्ही भिंतीएवढा होता. त्यावर आमच्या पर्जन्यवृक्षाचं खोड आलं, आणि त्यावर ती मादी. कंबर लाल.

मला आधी वाटलं, दुसरा फोटो आहे. मग खोडावरची ती वाळलेल्या डिंकाची रेघ ओळखू आली. तीच मादी होती. कमरेवर लाल रंग चढवला होता, लालबागच्या कारखान्यात गणपती न्यायला मंडळाची माणसं दारात उभी असताना कारागीर पितांबरावर शेवटचा हात मारतो तसा. कडेने थोडा बाहेरही आला होता. बाकी पक्षी जसाच्या तसा. गळा काळा, ठिपक्यांचा. डोळा गडद. डोक्यामागे लाल तुरा, जो मोठ्याच्या मादीला असूच शकत नाही. जगात कुठेही नसलेला एक पक्षी त्या भिंतीवर बसला होता आणि सगळे त्याच्याकडे कौतुकाने बघत होते.

"दक्षिण मुंबईत ग्रेटर म्हणजे काय साधी गोष्ट नाही," मुलाचे वडील बाबांना समजावत होते. "ग्रुपवर नुसता पाऊस पडतोय. एक जण म्हणतो, लेख लिहा."

त्याने तो ग्रुपही दाखवला. माझाच रविवारचा ग्रुप निघाला, हाही त्यात आहे हे मला माहीत नव्हतं. टाळ्या, हात जोडलेले, आगीचे गोळे. आणि फोटोखाली त्याने इंग्रजीत लिहिलेली ओळ, जिचा मराठीत अर्थ, एका खास व्यक्तीच्या सोबतीने टिपलेला. ती खास व्यक्ती मी. ग्रुपमध्ये मला ओळखणारे होते. त्यांनी माझं नाव घालून अभिनंदनही केलं होतं, आणि मी आठवडाभर ग्रुप उघडला नव्हता.

आम्हाला "जरा बोला" म्हणून गॅलरीत पाठवण्यात आलं.

"ती कंबर काळी होती," मी म्हटलं.

"हो ना," तो म्हणाला. अगदी सरळ. "तू बोललीस म्हणून घरी येऊन झूम केलं. काळीच होती यार. थँक्स. तसाच टाकला असता तर ग्रुपवर धुतलं असतं मला."

"मग?"

"मग काय, थोडं कलर करेक्शन. सगळेच करतात."

"पण मग तो मोठा सोनपाठी नव्हता."

"नव्हता तर नव्हता. कोणाचं काय जातंय? लोक खूश आहेत."

मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बहुतेक पहिल्यांदाच नीट. तिथे चोरी पकडली गेल्याची खूण नव्हती. तो खरोखर आभार मानत होता. मी त्याला पक्षी ओळखायची खूण सांगितली होती आणि त्याने तीच खूण नक्कल बिनचूक करायला वापरली होती. एकत्र जाऊ म्हणाला होता त्या सगळ्या पुढच्या रविवारांत मी काय करणार होते, ते मला तिथे दिसलं. तो टिपणार, मी चुका सांगणार, आणि घरी येऊन तो त्या रंगवणार. आणि खाली माझं नाव.

माझ्या तोंडून जे निघालं ते मी तुच्छतेने म्हटलं होतं. मला तुच्छता नीट दाखवता येत नाही, आवाज बारीक येतो. मी म्हटलं, "गळा राहिलाय. मोठ्याचा गळा पांढरा असतो. तुराही काढायला हवा."

"सिरियसली?" त्याने खिशातून फोन काढला. "थांब, थांब. पूर्ण पांढरा, की रेघा?"

मी त्याला सांगितलं नाही. तो फोनवर अंगठे टेकवून वाट बघत उभा राहिला. मग म्हणाला, "बघ, आपण टीम म्हणून भारी आहोत."

आत आलो तेव्हा सगळे आमच्याकडेच बघत होते. ट्रेमध्ये कोकम सरबताचे ग्लास होते आणि मुलाची आई एक माझ्यापुढे धरून उभी होती.

"मग?" मुलाचे वडील म्हणाले. "काय ठरलं दोघांचं?"

"नको," मी म्हटलं.

"सरबत नको म्हणता ती," आत्या ताबडतोब म्हणाली. "घसो धरलोहा तिचो."

"सरबत चालेल," मी म्हटलं, आणि ग्लास घेतला. "बाकी नको."

आई उठून उभी राहिली, मग पुन्हा बसली. बाबांनी आपलं सरबत एका दमात संपवलं, बहुधा पुढे मिळेल न मिळेल म्हणून. मुलगा अजून हातात फोन धरून होता. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं आणि तो खरंच बुचकळ्यात पडला होता. त्याची आई तेवढी चटकन सावरली. "घाई नाही हो," ती म्हणाली, पण ट्रे आत घेऊन गेली.

आम्ही खाली रस्त्यावर आलो. मग आत्या सुरू झाली.

"कारण काय सांगू मी त्यांका? सांग ना. हुंड्याची गजाल नाय, पत्रिका जुळता, दिसाक बरो. काय खोट हा त्याच्यात?"

"त्याने पक्ष्याची कंबर रंगवली."

आत्या रस्त्याच्या मध्येच थांबली. मागून टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. "पाखराचा ढुंगाण," ती आईला म्हणाली. "आयकलंस? पाखराच्या ढुंगणासाठी."

"खोटं रंगवलंन ना पण," बाबा म्हणाले.

"तुम्ही गप बसा," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलली. "फोटोच होता ना तो? त्याने कोणाचं काही घेतलं नाही, कोणाला मारलं नाही. तुझा जो फोटो मी त्यांना पाठवला, तो काय होता? स्टुडिओवाल्याला मीच सांगितलं होतं, दोन शेड उजळ कर म्हणून. सगळ्या मुलींचा करतात. मग मीही तशीच का?"

मला ते माहीत होतं. त्या फोटोत माझे हात सावळे आणि चेहरा गोरा होता, कारण स्टुडिओवाल्याने हातांची तसदी घेतली नव्हती. माझंही कोणीतरी कलर करेक्शन केलं होतं आणि गळा राहिला होता. त्या मुलाने माझा तो फोटो पाहिला होता, मग बागेत उन्हात मला पाहिलं होतं, आणि एका शब्दाने विचारलं नव्हतं. समजूतदारपणा म्हणून नव्हे. त्याला फरक दिसला असेल असं मला वाटतच नाही.

आईला मी एवढंच म्हटलं, "तो फोटो परत कोणाला पाठवू नकोस."

 करी रोडच्या पुलापर्यंत ती माझ्या पुढे चालत होती, आणि आत्या तिच्या शेजारी, आणि आत्याचे हात हवेत.

घरी आल्यावर मी ग्रुप उघडला. तिथे लिहायचं म्हणजे मला वर्गात उभं राहून उत्तर देण्यासारखं वाटतं, म्हणून मी तोवर कधी एक अक्षरही लिहिलं नव्हतं. मी लिहिलं: "हा साधा सोनपाठी आहे. कंबर काळी होती. मी तिथे होते." मराठीतच लिहिलं. का ते सांगता येणार नाही. इंग्रजीत लिहिलं असतं तर मी आधी माफी मागितली असती.

कोणी तरी विचारलं, "मॅडम, काही पर्सनल आहे का?" दुसऱ्याने हसण्याचं चिन्ह टाकलं. एका ज्येष्ठाने, जे स्वतःला सगळ्यांचे गुरू समजतात, लिहिलं की निसर्गप्रेमींमध्ये अशी कटुता बरी नव्हे. गळ्याकडे, डोळ्याकडे, तुऱ्याकडे एकानेही पाहिलं नाही. फोटो सगळ्यांच्या समोर होता. खाली टाळ्या वाढत राहिल्या. त्या मुलाने काही लिहिलं नाही, फक्त "खास व्यक्ती" ही ओळ काढून टाकली. एवढं एकच त्याने दुरुस्त केलं म्हणायचं.

आई माझ्याशी काही दिवस कामापुरतंच बोलली. स्थळांच्या कागदावर आवडीनिवडींपुढे "पक्षीनिरीक्षण" होतं, ते तिने खोडलं आणि "वाचन" लिहिलं. "वाचणाऱ्यांचं काही बिघडत नाही," ती बाबांना म्हणाली. बाबांनी पेपर खाली ठेवून विचार केला आणि मग पुन्हा वर घेतला.

दुसऱ्या रविवारी मी राणीच्या बागेत गेले. दारात तेच प्रश्न झाले आणि मी तीच उत्तरं दिली. पर्जन्यवृक्षाखाली झुडपांची गर्दी होती. तशाच हिरव्या-तपकिरी टोप्या, तसेच शर्ट, तोफांसारख्या लेन्सा, सगळ्या खोडाकडे रोखलेल्या. ते ग्रेटरसाठी आले होते. एका काकांनी मला नवखी समजून आपल्या फोनवर तो फोटो दाखवला आणि कमरेवर बोट ठेवलं. "हा लाल बघायचा. तोच. बाकी दिसला तर सोडून द्यायचा."

तेवढ्यात ती आली. खिंकाळत, खोडामागून सरकत, ठिपक्यांचं कपाळ, लाल तुरा, आणि आमच्याकडे पूर्ण पाठ. सगळ्या लेन्सा एकदम वर झाल्या आणि एकदम खाली आल्या.

"छे, कंबर काळी," काका म्हणाले. "हा साधा. कॉमन."

आणि ते सगळे कोपऱ्यातल्या दुसऱ्या झाडाकडे निघाले, कारण तिथे काहीतरी हललं होतं. मी तिथेच राहिले. ती सालीचे तुकडे खाली टाकत वर वर चढत होती, आणि माझ्या भोवती आता कोणी नव्हतं. फोन वाजला. आई होती.

"कुठे आहेस?"

"बागेत."

"कोणाबरोबर?"

"एकटी."

 मला तिसऱ्या प्रश्नाची सवय होती, मी वाट बघत होते.

"येताना कोथिंबीर आण," ती म्हणाली.